मदत हवी आहे: माहिती तंत्रज्ञानातील निरनिराळ्या कामांची ओळख वर्गात प्रत्यक्ष कशी करून द्यावी?

नमस्कार. मी १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना संगणक हा विषय शिकवते. पुढील सत्रात माहिती तंत्रज्ञानातील कौशल्ये आणि व्यवसाय यांची ओळख करून देणारे काही तास घ्यायचे आहेत. त्यांच्या आखणीसाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

संगणक कमी आहेत, पण खरी अडचण ती नाही. संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवणाऱ्या 'सीएस अनप्लग्ड' या उपक्रमातील १, २, ४, ८ आणि १६ ठिपक्यांची पाच कार्डे मुलांच्या हाती दिली की ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या ती स्वतःच मांडून पाहतात आणि द्विमान पद्धत (केवळ ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याची पद्धत) वेगळी समजावून सांगावी लागत नाही. अडचण आहे ती व्यवसायांची. या क्षेत्रात काम करणे म्हणजे प्रोग्राम लिहिणे, एवढेच मुलांना ठाऊक असते आणि ज्यांना ते जमत नाही ती मुले 'हे आपले क्षेत्र नव्हे' असे ठरवून मोकळी होतात. सॉफ्टवेअरची चाचणी घेणारे, नेटवर्क सांभाळणारे, डेटाबेसची रचना करणारे किंवा वापरकर्त्यांसाठी माहितीपुस्तिका लिहिणारे लोक दिवसभर नेमके काय करतात, याची त्यांना कल्पनाच नसते. पदनामांचा तक्ता भिंतीवर लावून हे साधेल असे मला वाटत नाही. पगाराचे आकडे दाखवून ओढ निर्माण करणे तर मुळीच पटत नाही.

म्हणून प्रत्येक कामाचा एखादा छोटा भाग वर्गात करून पाहावा, असा विचार आहे. नेटवर्कसाठी एका लांब संदेशाचे तुकडे क्रमांक घालून निरनिराळ्या रांगांमधून पाठवायचे, एक-दोन वाटेत मुद्दाम गहाळ करायचे आणि पलीकडच्या गटाने क्रम लावून हरवलेले तुकडे पुन्हा मिळवायचे. इंटरनेटवर टीसीपी ही माहिती पोहोचवण्याची नियमावली ढोबळमानाने हेच करते. चाचणी आणि सुरक्षा यांसाठी मात्र असे काही सुचत नाही. सुरक्षेचा तास तर 'पासवर्ड कुणाला सांगू नका' या उपदेशावरच संपतो. शिवाय, कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्राम लिहून देत असताना हे शिकून उपयोग काय, असे मुले विचारतात. त्यांना कोणते प्रामाणिक उत्तर द्यावे?

प्रतिसाद:

मी सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो, त्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कागदावर केवळ नाव आणि वय विचारणारा अर्ज काढा, 'वय १३ ते १५ असावे' हा एकच नियम ठेवा आणि अर्ज कोणत्या माहितीने अडखळेल ते मुलांना शोधू द्या. १२, १३, १५ आणि १६ ही सीमेवरची वये आधी तपासायची. त्यानंतर रिकामी जागा, उणे संख्या, साडेतेरा, अक्षरी 'चौदा' आणि देवनागरी अंक. साडेपंधरा चालेल का, यावर वाद होईल आणि तो होऊ द्यावा, कारण नियमातच ते स्पष्ट नाही आणि अशा संदिग्ध जागा दाखवून देणे हा आमच्या कामाचा मोठा भाग असतो. सापडलेला प्रत्येक दोष 'काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले' अशा तीन वाक्यांत लिहायला सांगा. केवळ ते वाचून दुसऱ्या गटाला तोच दोष पुन्हा घडवता आला पाहिजे, म्हणजे तांत्रिक लेखनाचीही ओळख त्याच तासात होईल.

सुरक्षेसाठी अक्षरे ठरावीक घरे पुढे सरकवणारी सीझरची सांकेतिक पद्धत घ्या. रोमन वर्णमालेत तिच्या २५ च शक्यता असल्याने गटात वाटून घेतल्यास ती लवकर फुटते. मग चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता आणि सहा अंकी पिनच्या १०,००,००० शक्यता मुलांनीच मोजाव्यात.

शेवटच्या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊ नये, असे मला वाटते. त्याच अर्जातील वय तपासणारा प्रोग्राम कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घ्या आणि मुलांनी तयार केलेली यादी त्यावर चालवू द्या. तो बरोबर आहे की नाही, हे कुणी आणि कशाच्या आधारे ठरवले, एवढेच त्यानंतर विचारा.