मदत हवी आहे: गुणगुणलं की भलतंच गाणं सापडतंय

भटका_सूर: तीन दिवस डोकं आपटतोय. धून गुणगुणली की डेटाबेसमधून ते गाणं वर यायला पाहिजे, येतं दुसरंच. काय चुकत असेल? जरा लवकर सांगा प्लीज.

टकटक: शाझम वापरा की, गाणं ओळखणारं ॲप. माझं काम दर वेळी होतं.

कोमल_निषाद: शाझम मूळ रेकॉर्डिंगमधले ठळक आवाज जुळवतं, तुमच्यासमोर गाणं वाजत असणार म्हणून सापडलं. गुणगुणायला साउंडहाउंड, नाहीतर गूगल, त्यात २०२० पासून सोय आहे, १०-१५ सेकंद गुणगुणायचं.

भटका_सूर: अहो ॲप नकोय, मी स्वतः प्रोग्राम लिहितोय!

शेवटचा_बाक: मग ते आधी सांगायचं ना. गाणी मिडीत (आवाज नाही, नुसते स्वर लिहिलेली फाइल) आहेत की एमपी३? आणि जुळवताय काय, थेट फ्रिक्वेन्सी?

भटका_सूर: मिडी, ४०० गाणी. हो, सरळ हर्ट्झ.

शेवटचा_बाक: तिथंच घोळ आहे. फाइल एका पट्टीत, तुम्ही गाताय तुमच्या पट्टीत, आकडे जुळणार कसे? एका स्वरावरून पुढच्यावर किती सेमीटोन (सप्तकाचा बारावा भाग) गेलात तेवढंच घ्या, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींच्या गुणोत्तराचा बेस २ चा लॉग गुणिले १२. मिडीतून मुख्य धुनेचा ट्रॅक तेवढा वेगळा काढा, नाहीतर ड्रम पण मोजले जातील.

खर्ज: माइक कुठला आहे? आधी चांगला माइक घ्या.

कोमल_निषाद: सेमीटोन कशाला, माणूस गुणगुणताना थोडा बेसूर होणारच. पार्सन्स कोड वापरा, १९७५ पासूनची पद्धत आहे, पुढचा स्वर वर गेला, खाली आला की तोच राहिला एवढंच लिहायचं.

शेवटचा_बाक: त्यात खूप माहिती जाते हो. छोट्या धुनेला एकाच चढउताराची पाचपन्नास गाणी निघतील. सेमीटोनच ठेवा, एखाद्याचा फरक माफ करा, आणि लय ओढली तरी जुळावं म्हणून डायनॅमिक टाइम वॉर्पिंग (वेळ ताणून-आखडून दोन धुना जुळवायची पद्धत) लावा.

भटका_सूर: सेमीटोन केलं, १० पैकी ७ सापडली!! पण उरलेल्या तिन्हीत मध्येच १२ सेमीटोनची उडी दिसते, तशी मी घेतलेलीच नाही.

शेवटचा_बाक: पिच, म्हणजे स्वराची उंची, ओळखणारा कोड सप्तक चुकतोय, असं होतं. पाच फ्रेमचा मीडियन फिल्टर लावून बघा, म्हणजे आवाजाच्या लागोपाठच्या पाच छोट्या तुकड्यांतलं मधलं मूल्य घ्यायचं. आणि तोंड मिटून गुणगुणू नका, प्रत्येक स्वराला ‘दा’ म्हणा, स्वर कुठे सुरू झाला ते कोडला नीट कळतं.

भटका_सूर: लावतो, रात्री सांगतो.