शब्दचर्चा: फाशांच्या खेळातले गडी, भुतं आणि हत्यारं

वर्धाकाठ:
आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाच्या ओसरीवर पोरं सुट्टीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. खेळ अमेरिकेतला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये काढलेला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं सोंग घेऊन त्या गोष्टीत शिरतात, आणि पुढं काय होईल याची खात्री नसेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकतात. नियमांचा गाभा जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय दिलं की कोणीही भाषांतर करू शकतो, म्हणून करायला घेतलंय.

अडलोय ते असं. 'ट्रॅप' म्हणजे सापळा आणि 'स्केलेटन' म्हणजेही सापळा. "भुयारात समोर सापळा आहे" म्हटलं की अर्धी पोरं तलवार उपसतात आणि अर्धी जमीन चाचपतात. ट्रॅपला 'फास' करावं, तर फासा आधीच हातात आहे. दुसरं, गड्याच्या कागदावर 'रेस' (तो कोणत्या प्रकारचा जीव) आणि 'क्लास' (तो काय काम करतो) असे दोन रकाने असतात. त्यांना 'जात' आणि 'वर्ग' लिहून पाहिलं. तिसरी अडचण हत्यारांच्या आणि भुतांच्या नावांची. सुचवा.

पवनीचा भाचा:
सापळा ट्रॅपलाच राहू द्या, ते त्याचं मूळ काम आहे. हाडांचा तो सांगाडा. पोरांच्या तोंडी 'हाड्या' सहज बसेल.

पण भाऊ, बाकीचे शब्द शोधायला लांब कशाला जाता? सारीपाट आपल्याकडे होताच की. फासा टाकला की 'दान' पडतं. 'रोल केला, सतरा आले' कशाला, "सतराचं दान पडलं" म्हणा. वीसचं दान पडलं की 'पौबारा', तोही फाशांवरूनच आलेला शब्द. खेळणारा तो गडी, त्याची वेळ आली की पाळी, गोष्ट चालवणारा सूत्रधार. 'क्रिटिकल हिट'ला वर्मी घाव. 'सेव्हिंग थ्रो', म्हणजे विष, जादू, कोसळणारं छत यातून वाचायला टाकलेला फासा, त्याला 'निभावाचं दान' म्हणावं असं मला वाटतं. "निभावलं का?" हे विचारणं तर रोजचंच आहे.

निवृत्त बाई:
'जात' आणि 'वर्ग' लिहिलंत की तो खेळाचा कागद राहत नाही, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर होतं. नाव, जात, वर्ग. मी आयुष्यभर भरलंय ते. सुट्टीत तरी मुलांना त्यातून सोडवा.

मूळ खेळानंही 'रेस' हा शब्द सोडला आहे. 2024 च्या नव्या नियमपुस्तकात तिथं 'स्पीशीज' आलं. त्याला 'प्रजाती' म्हणजे विज्ञानाचा तास झाला. मी 'योनी' सुचवते. चौऱ्यांशी लक्ष योनी आजीच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. एल्फ (टोकदार कानांचे), ड्वार्फ (खाणीतले बुटके), माणूस या वेगवेगळ्या योनी, त्यात वर-खाली काही नाही. मोठी मुलं शब्दावर हसतील ही भीती असेल तर 'कूळ' घ्या. एल्फला मात्र यक्ष करू नका. यक्ष धन राखतो, ते काम तर ड्वार्फाचं.

'क्लास'ला पेशा. लढवय्या, मांत्रिक, चोरटा हे पेशेच आहेत, माणूस शिकून होतो.

वर्धाकाठ:
पेशा घेतला. योनी शब्दाला दहावीतली पोरं हसलीच बाई, म्हणून कूळ. पेशांची नावं अशी ठरवली होती: फायटर लढवय्या, विझर्ड मांत्रिक, क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारा) भगत, ड्रुइड (रानाची जादू जाणणारा, प्राण्याचं रूप घेणारा) भुमका, 'रोग' (इंग्रजी rogue, लपतछपत हात मारणारा) भामटा, रेंजर (रानात माग काढणारा) पारधी. शेवटची तीन अस्सल इकडची म्हणून मला आवडली होती.

मेळघाट:
शेवटच्या तिन्हींवर मी काट मारीन.

पारधी हा रेंजरचा अनुवाद नाही, ती माणसं आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ भागात फासेपारध्यांचे बेडे आहेत आणि त्यातली पोरं कदाचित तुमच्याच वाचनालयात येत असतील. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण बोलण्यातून अजून गेलेला नाही. भामटा शब्दाचंही तेच. शब्दकोशात अर्थ 'लबाड चोर' असा दिसतो, पण ते समाजाचं नाव आहे. पर्याय म्हणून कोणी 'उचल्या' सुचवायच्या आत सांगतो, तेही तसंच. रजिस्टरातून जात काढायची आणि पेशाच्या रकान्यातून परत आणायची, हे बरं नाही.

भुमका आमच्या कोरकू गावात आजही आहे. पूजा तो करतो, पेरणीआधीचं त्याला विचारतात. एखाद्या पोरानं 'मी भुमका, मी अस्वल होतो' म्हणून फासा टाकला तर गावातल्या म्हाताऱ्यांना ते कसं वाटेल याचा विचार करा. ड्रुइडला सरळ 'रानसाधू' म्हणा. शब्द बनवलेला आहे, पण कोणाचा नाही.

पवनीचा भाचा:
रेंजरला 'जागल्या' घ्या ना. धान निसवलं की रात्री मचाणावर जागलीला जातात ते. अंधारात डुक्कर कुठून घुसलं ते नुसत्या आवाजावरून सांगतात, पायवाट, ओढा, पाणवठा सगळं पाठ. रेंजरला आणखी काय येतं? आणि जागलीला कोणत्याही घरचा माणूस जातो.

वर्धाकाठ:
जागल्या! पक्कं. रोग 'चोरटा'. आता हत्यारं.

भात्याजवळची:
आमचं घर लोहारकामाचं, म्हणून यात बोलते.

पहिल्यांदा माराचे तीन प्रकार ठरवा, कारण या खेळात सगळं त्यावर चालतं: ठेचणारा, भोसकणारा आणि चिरणारा. कोणीतरी 'मुका मार' सुचवेल, पण मुक्या मारात हाड मोडत नाही, आणि इथं हाडच मोडायचंय. तुमच्या हाड्याला ठेचणाऱ्या हत्यारानं दुप्पट इजा होते. म्हणजे भुयारात जाताना तलवारीपेक्षा घरची सब्बल जास्त कामाची. पुण्याकडं तिला पहार म्हणतात, तेही कंसात टाकू नका, इथल्या पोरांना सब्बल कळते.

इळा (तुमच्याकडं 'इया' म्हणत असतील) नियमात आहेच. चार बाजूंचा फासा (मार किती बसला ते त्यावर ठरतं), चिरणारा, हलका. गोफण पण आहे, तीही चार बाजूंची, आणि तिचं नाव बदलायची काही गरज नाही. पावशीला मात्र हत्यार करू नका, ती पायाखाली दाबून चालवायची वस्तू आहे. उचलून मारलीच तर 'हाताला लागेल ते' या नियमात धरा, तिथंही चारच बाजू.

दांडपट्ट्याला कोणी 'लाँगस्वोर्ड' म्हणेल, मी म्हणणार नाही. लाँगस्वोर्ड एका हातानं आठ बाजूंचा फासा आणि दोन हातांनी दहा बाजूंचा. पट्ट्याची मूठ हातभर खोबणीत बसलेली असते, तिथं दुसरा हात लावणार कुठं? त्यापेक्षा नवा नियम लिहा: आठ बाजू, एकच हात, पण हातातून पाडता येणार नाही. बिचवा, कट्यार दोन्ही डॅगरखाली (खंजीर, तो फेकताही येतो) चालतील, पण फेकायचा नियम कट्यारीला लावू नका. तिची मूठच फेकायची नाही.

आणि एक. बार्डच्या, म्हणजे गाण्यातून जादू करणाऱ्याच्या, हातात तुतारी देऊ नका. आमच्याकडं तुतारी म्हणजे बैलाला टोचायची आर लावलेली काठी. पोरांना वाटेल हा गाणारा नाही, धुरकरी आहे.

नेर परसोपंत:
तुतारी द्याच भाऊ. भोसकणारा मार, चार बाजू. गाणं आवडलं नाही त्याले टोचते.

भात्याजवळची:
मग तिला नियम लावा, मी घडवून देते.

लोणारकर:
भुतांचं मी लिहितो, कारण इथं नुसतं नाव चिकटवून चालत नाही.

'राक्षस' शब्द मोकळा नाही. या खेळात राक्षस नावाचाच एक प्राणी आहे: वाघाचं डोकं आणि तळवे उलटे फिरलेले हात. म्हणून ओगर, जायंट, ट्रोल असल्या प्रत्येक आडदांड प्राण्याला राक्षस करत गेलात तर खरा राक्षस आल्यावर त्याला काय म्हणणार? जायंटला 'धिप्पाड' म्हणून पाहा. ट्रोलला एकानं रक्तबीज सुचवलं होतं, पण रक्तबीजाच्या थेंबाथेंबातून नवा रक्तबीज उठतो. ट्रोल एकच राहतो, त्याच्या जखमा दर पाळीला भरत जातात, आग किंवा तेजाब लागला तरच थांबतात. त्याला 'भरून येणारा' अशा अर्थाचं काही शोधा. 'ट्रोल' तसाच ठेवलात तर पोरांना मोबाइलवर शिव्या देणारा आठवेल.

आता आपली भुतं. मुंजाला झोंबी करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. त्याला जागा आहे, पिंपळ. त्याला वय आहे, त्याचं काहीतरी राहून गेलंय. विदेशी नियमात मेलेल्यांचे प्रकार ताकदीवर लावलेले आहेत, आपल्याकडं प्रत्येकाला कारण आणि ठिकाण असतं. क्रियापदं बघा. हडळ धरते. भूत लागतं. वेताळ प्रसन्न होतो, कोपतो. नियमपुस्तकातला प्रत्येक प्राणी मात्र 'हल्ला करतो'. मुंजा हल्ला करतो असं वाक्य मराठीत उभंच राहत नाही.

चकवा तर प्राणीच नाही. चकवा दिसत नाही, लागतो. माणूस रात्रभर त्याच धुऱ्याला वळसे घालत राहतो. त्याला प्राण्यांच्या यादीत घालू नका, ठिकाणाचा गुण म्हणून लिहा: त्या शिवारात रात्री शिरणाऱ्यानं आपल्या 'शहाणपण' या गुणावर निभावाचं दान टाकावं, चुकलं तर जिथून निघाला तिथंच पोचेल. उपाय एकच, जागच्या जागी बसून उजाडायची वाट पाहायची. यात एकही फासा मारामारीचा नाही आणि पोरं सगळ्यात जास्त इथंच घाबरतील.

निवृत्त बाई:
लोणारकर, मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर मुंजा नको. त्यांच्याच वयाचा आहे तो.

लोणारकर:
खरंय. चकवाच घ्या.

वर्धाकाठ:
मुंजा काढला. चकवा राहील, आमच्या शिवारात त्याला जागाही ठरलेली आहे. उरले दोन शब्द. 'हिट पॉइंट' आणि 'लेव्हल'.

पवनीचा भाचा:
हिट पॉइंट म्हणजे 'जीव'. "तुझा जीव किती उरला? सात." बस्स.

आणि जीव शून्यावर आला की नियम असा आहे की गडी लगेच मरत नाही, दर पाळीला फासा टाकतो. दहा किंवा वर आलं तर एक खूण त्याची, खाली आलं तर एक मरणाची. ज्याच्या तीन खुणा आधी होतील तो जिंकतो, आणि वीस पडलं तर एक जीव घेऊन उठतो. याला इंग्रजीत 'डेथ सेव्ह' म्हणतात. आपल्याकडं यासाठी शब्द तयार आहे: धुगधुगी. "अजून धुगधुगी आहे, टाक फासा." यापेक्षा नेमकं मला दुसरं सुचत नाही.

वर्धाकाठ:
हे वाचून दाखवल्यावर आमचा सगळ्यात लहान गडी मुद्दाम मरायला पाहतोय.

निवृत्त बाई:
'लेव्हल'चा घोळ इंग्रजीतच आहे. गड्याची लेव्हल, मंत्राची लेव्हल, भुयाराची लेव्हल, सगळ्याला एकच शब्द. गायगॅक्सनी 1978 च्या पुस्तकात लिहिलंय की वेगळे शब्द योजायचा विचार झाला होता, पण लेव्हल रुळली होती म्हणून तीच ठेवली. आपल्याला रुळलेलं काही नाही, तर आपण वेगळे घेऊ. गडी पायरी चढतो, मंत्राला इयत्ता असते, भुयाराला थर. तिसऱ्या इयत्तेचा मंत्र पाचव्या पायरीला मिळतो, असं सांगितलं की गोंधळ राहत नाही. तोच नियम 'लेव्हल' म्हणून शिकवून बघा.

नेर परसोपंत:
शब्द झाले सगळे, पण वीस बाजूचा फासा तालुक्याले भेटत नाही. सहा बाजूचा भेटते, लुडोतला.

वर्धाकाठ:
चिठ्ठ्या करा. 1979 मध्ये फाशांची टंचाई झाली तेव्हा मूळ कंपनीनंच खेळाच्या पेटीत आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. एक ते वीस आकडे लिहायचे, डब्यात टाकायचे.

नेर परसोपंत:
मंग त्याले दान म्हणाव का नाई?

पवनीचा भाचा:
दान पडतं, चिठ्ठी निघते. क्रियापद बदला, दान राहू द्या. आणि काढलेली चिठ्ठी डब्यात परत टाकून हलवायला सांगा, नाहीतर शेवटच्या गड्याला काय निघणार ते सगळ्यांना आधीच कळतं.