साक्ष द्यायला सांगितले आहे, पण दुःख अजून संपलेले नाही

ओंजळ (प्रश्न):

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझ्या पतींना पक्षाघात झाल्यापासून आमच्या घराचा सगळा क्रम बदलून गेला आहे. त्यांना बोललेले समजते, परंतु स्वतः बोलता येत नाही. उजवा हात चालत नाही. आणि यापुढे फार मोठ्या सुधारणेची अपेक्षा धरू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आमच्या चर्चच्या मंडळीने आमच्यासाठी उपास-प्रार्थना केल्या आणि रुग्णालयात रात्री थांबायला माणसे पाठवली, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. तरीही काही जणांनी, प्रेमानेच, असे सुचवले की आमच्या विश्वासात कुठेतरी उणीव राहिली असावी, नाहीतर एवढ्या प्रार्थनांनंतर काहीतरी फरक दिसला असता.

आता पाळकांनी मला येत्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सर्वांसमोर सांगायला, सांगितले आहे. मंडळीतील एका ज्येष्ठ बंधूंचा सल्ला असा की लोकांना उभारी मिळेल असे बोलावे, शंका किंवा रडगाणे तेथे नको, कारण नव्या विश्वासणाऱ्यांवर त्याचा वाईट परिणाम होतो. माझी अडचण अशी आहे की मी ख्रिस्ताला सोडलेले नाही, सोडण्याचा विचारही मनात नाही, पण कित्येक रात्री माझ्याकडून प्रार्थना होत नाही, आणि देवाबद्दल मनात राग असतो. हे लपवून उभी राहिले तर ती साक्ष खोटी ठरेल, आणि सांगितले तर विश्वासात डळमळल्यासारखे दिसेल. संकटात धैर्याने विश्वास जगणे आणि त्याबद्दल खरे बोलणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधाव्यात?

स्तोत्रवाचक:

ताई, विश्वासातील उणिवेचा मुद्दा आधी बाजूला सारला पाहिजे, कारण तो डोक्यावर असताना बाकीचे काहीच नीट बोलता येणार नाही. प्रेषित पौलाच्या हातून आजारी लोक बरे झाल्याचे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, निरोप सांगता सांगता, लिहून जातो की आपला सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. त्या एका ओळीत कोणतेही स्पष्टीकरण नाही, त्रफिमाच्या विश्वासाची चौकशी नाही, आणि स्वतःची प्रार्थना कमी पडली असा खेदही नाही. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारात पोहोचला होता, आणि तो गेला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, हे पौल फिलिप्पैच्या मंडळीला मोकळेपणाने कळवतो. ज्याला तो आपल्या शरीरातील काटा म्हणतो तो त्रास दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि काटा तसाच राहिला. ज्यांनी तुम्हाला ते वाक्य ऐकवले त्यांचा हेतू चांगला असेल, पण मुलेबाळे आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचाही हेतू वाईट नव्हता. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळे ठीक होते; तोंड उघडून कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले. आणि ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ज्या ईयोबाने देवाला थेट जाब विचारला होता, तोच माझ्याविषयी यथार्थ बोलला, असे देव म्हणतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे धैर्य म्हटले की आवाज न कापणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि मला वाटते, सगळी गफलत येथेच होते. येशूला पकडले गेले त्या गेथशेमाने बागेतील रात्री दोन माणसांकडे पाहावे. त्याचा शिष्य पेत्र आधीच ठणकावून सांगतो की बाकीचे सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, आणि वेळ आली तर तुमच्याबरोबर मरेन. येशू मात्र शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे. तो जमिनीवर पडून हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी विनंती करतो, आणि तीही एकदा करून थांबत नाही. एखाद्या तिऱ्हाइताने त्या संध्याकाळी दोघांना ऐकले असते तर त्याने पेत्रालाच खंबीर ठरवले असते. पहाटेपर्यंत काय झाले ते आपल्याला माहीत आहे. ज्याने आपली भीती पित्यासमोर पूर्ण उघड केली होती तोच पकडायला आलेल्या जमावाला सामोरा गेला, आणि ज्याने ती स्वतःपासूनही लपवली होती तो एका दासीच्या प्रश्नापुढे कोसळला आणि येशूला ओळखतच नाही म्हणाला. म्हणून खरे बोलल्याने धैर्य कमी होते हे मला मान्य नाही. माझ्या वाचनाप्रमाणे धैर्य त्या खरेपणातूनच येते.

रागाबद्दल म्हणाल तर स्तोत्रसंहितेच्या 150 स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. त्यांतील बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, पण 88 वे स्तोत्र वळतच नाही; ते अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह उपासनेसाठी जपला त्यांनी त्या स्तोत्राला आशेचे शेपूट जोडले नाही, यावर त्या ज्येष्ठ बंधूंनीही विचार करावा असे मला वाटते. तो रागदेखील देवालाच उद्देशून आहे. ज्याने देवाला सोडले तो देवाशी भांडत बसत नाही.

नव्या विश्वासणाऱ्यांची काळजी रास्त आहे. परंतु केवळ विजयाच्या साक्षी ऐकून वाढलेल्या माणसावर पहिले मोठे संकट आले, की त्याला आपण एकटेच नापास झालो असे वाटते. चार्ल्स स्पर्जन हे एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे सर्वांत गाजलेले उपदेशक. 1856 साली लंडनमध्ये त्यांच्या सभेत कोणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली, चेंगराचेंगरीत सात माणसे मेली, आणि तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या स्पर्जन यांच्या मनावर झालेला आघात पुरता कधीच भरून आला नाही. पुढे आपल्या खिन्नतेविषयी ते व्यासपीठावरूनही बोलले आणि पाळकपणाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांशीही बोलले. त्यामुळे त्यांचे श्रोते पांगले नाहीत.

जुनी वाट:

वरील प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, तरी एक गोष्ट निसटली आहे असे वाटते. येशूने आपली खिन्नता सांगितली ती पाच हजारांच्या जमावाला नव्हे. अकरा शिष्य बरोबर होते, त्यांतील पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच त्याने पुढे नेले आणि त्यांच्याजवळ मन उघडे केले. खरे बोलणे म्हणजे सगळ्यांसमोर सगळे बोलणे, असे समीकरण हल्ली फार सहज मांडले जाते, आणि मला त्याची थोडी धास्ती वाटते. व्यासपीठावर जे सांगाल ते खरे असलेच पाहिजे, पण ते संपूर्ण असले पाहिजे असे नाही. उरलेले ऐकायला दोन-तीन माणसे हवीत, आणि ती नसतील तर साक्षीच्या आधी त्यांचा शोध घ्यावा.

दुसरे म्हणजे, हा आजार तुमच्या पतींचा आहे. त्यांना बोलता येत नसले तरी समजते, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यांच्या शरीराविषयी आणि परावलंबनाविषयी भरल्या मंडळीत काय सांगितलेले त्यांना चालेल, हे मानेच्या होकार-नकारानेही विचारता येईल. तुम्ही उभ्या राहून बोलत असताना ते समोर बसलेले असतील, आणि त्यांना एका शब्दाचीही दुरुस्ती करता येणार नाही.

रात्रपाळी:

मी परिचारिका आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते. पक्षाघाताच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाची झोप महिनोन्महिने तुटते, आणि तुटलेल्या झोपेत प्रार्थना सुचत नाही, याचा अर्थ प्रत्येक वेळी आध्यात्मिकच असेल असे नाही. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला प्रथम खायला दिले आणि झोपू दिले; मग पुन्हा खायला दिले. देवाचा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावर आला. सतत रडू येणे, कशातच मन न लागणे किंवा जगू नये असे वाटणे, यांपैकी काही होत असेल तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा, आणि जगू नये असे वाटत असेल तर आजच जा. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही. आणि मंडळी रात्री थांबायला माणसे पाठवत होती असे म्हणता, तर आता घरीही आठवड्यातून काही रात्री कोणी थांबेल का, हे पाळकांना स्पष्ट विचारा. लोकांना बहुधा मदत करायची असते, पण रुग्ण घरी आला की संकट टळले असे ते धरून चालतात.

बोरूबहाद्दर:

ज्येष्ठ बंधूंना नाही कसे म्हणावे, हाही प्रश्न येथे आहेच, कारण आपल्यातील अनेकांना देवापेक्षा वडीलधाऱ्यांचीच भीती अधिक वाटते. या बाबतीत पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार मला फार बोलका वाटतो. दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, आणि लहान मुलीला घेऊन त्या इंग्लंडला पोहोचल्या. तेथे 1883 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या ख्रिस्ती मठातील भगिनींच्या आश्रयाला त्या राहत होत्या, त्यांनाच त्यांनी पत्रांतून कळवले की जे माझ्या विवेकाला पटत नाही ते केवळ अधिकारी सांगतात म्हणून मी कबूल करणार नाही. त्या पत्रांत उपकारांची जाणीवही आहे आणि माघारही नाही. पुढे 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या; या शेवटच्या काळातही पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नव्हते. बंधूंना एवढेच सांगा की तुमची काळजी मला समजते, पण जे घडले नाही ते घडले असे मी म्हणणार नाही.

ओंजळ:

सर्वांचे आभार. पतींना विचारले. त्यांनी काही गोष्टींना होकार दिला आणि एका गोष्टीला ठाम नकार दिला, त्यामुळे ती मी सांगणार नाही.

धीर करून दुसरी गोष्टही विचारते, कारण ती याच विषयाच्या पोटातली आहे. आमचे घर आता माझ्या एकटीच्या पगारावर चालते. कार्यालयात मला, प्रत्यक्षात न आलेल्या मालाच्या पावत्यांवर तो मिळाल्याची सही करायला सांगितले जात आहे. इतर जण करतात. नकार दिला तर नोकरी जाऊ शकते, आणि औषधांचा खर्च थांबणारा नाही. व्यासपीठावर खरे बोलायचे आणि टेबलावर खोटी सही करायची, हे माझ्याने होणार नाही, पण भीती वाटते.

हिशेबनीस:

माझे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले, म्हणून या भागाचे उत्तर मी देतो. पहिली बाब व्यवहाराची. अशा सहीची जबाबदारी सही करणाऱ्यावर राहते. प्रकरण उघड झाले की तोंडी आदेश देणाऱ्याला काहीच आठवत नाही. म्हणजे नोकरी टिकवण्यासाठी केलेली सहीच नोकरी घालवू शकते, आणि शिवाय खटला मागे लावू शकते. तुमच्या विवेकाचे आणि तुमच्या हिताचे म्हणणे येथे एकच आहे.

आता नकार कसा द्यायचा ते पाहू. बाबेलच्या राजवाड्यात बंदी म्हणून नेलेल्या दानीएलाने राजाच्या अन्नाने आपण विटाळणार नाही असे ठरवले, पण तो खोजांच्या सरदारावर ओरडला नाही. त्याने विनंती केली, आणि नकार मिळण्याची चिन्हे दिसताच कारभाऱ्यासमोर दहा दिवसांच्या परीक्षेचा प्रस्ताव ठेवला. समोरच्या माणसाला स्वतःच्या गळ्याची भीती आहे हे त्याने ओळखले होते, आणि त्याला वाट काढून दिली होती. तुम्हीही वरिष्ठांवर आरोप न करता म्हणू शकता की माल माझ्यासमोर मोजला गेला की मी त्याच दिवशी सही करीन, आणि तोवर पावतीवर माल येणे बाकी असा शेरा लिहीन. हेच त्यांना लेखी कळवा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. पुष्कळदा गोष्ट येथेच मिटते, कारण कागदावर आलेला नकार रेटणे कोणालाच सोयीचे नसते. नाही मिटली, तर कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला राजीनामा देण्याच्या आधी घ्या, नंतर नव्हे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात एक बारीक भेद केला आहे, तोही ध्यानात ठेवण्यासारखा आहे: चुकीबद्दल मार खाल्ला तर त्यात मोठेपणा कसला, चांगले करून सोसले तर ते देवाला मान्य आहे. त्यामुळे या दिवसांत कामात हयगय, उशीर किंवा उद्धट शब्द असे काहीही त्यांच्या हाती लागू देऊ नका, म्हणजे उद्या कोणी कारवाई केलीच तर तिचे खरे कारण झाकायला त्यांच्याकडे दुसरे कारण उरणार नाही. आणि नोकरी गेलीच तर औषधांचे काय, याची बोलणी पाळकांशी आताच करून ठेवा. मूर्तीला नमन न केल्यास भट्टीत टाकू, अशी धमकी मिळालेल्या शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांनी राजाला सांगितले की आमचा देव सोडवील, आणि न सोडवले तरी आम्ही तुमच्या मूर्तीला नमन करणार नाही. त्या दुसऱ्या शक्यतेचा भार तुम्ही एकटीने वाहावा, असे मंडळीने समजू नये. पत्राचा मसुदा नावे वगळून येथे टाकलात तर मी आज रात्रीच पाहून देतो.