विषय: गिऑन मात्सुरी, आई-बाबांना नक्की कधी न्यावं?

प्रज्ञा (ओसाका):

नमस्कार मंडळी,
आई-बाबा जुलैमध्ये येतायत, ८ ला येऊन २६ ला परत. बाबांनी पुण्यात बसून यूट्यूबवर गिऑन मात्सुरीचे, म्हणजे क्योतोच्या जुलैमधल्या मोठ्या उत्सवाचे, सगळे व्हिडिओ पालथे घातलेत आणि १७ तारखेची मिरवणूक बघायचीच असं फर्मान काढलंय. आईचे गुडघे दुखतात, ऊन अजिबात सोसत नाही, शिवाय दोघंही पक्के शाकाहारी. ओइके रस्त्यावर पैसे भरून खुर्च्या मिळतात त्या घेऊन टाकू का? आणि १६ ची, म्हणजे मिरवणुकीच्या आदल्या दिवशीची, कंदिलांची संध्याकाळ त्यांना झेपेल का? जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा.


मंदार (क्योतो):

प्रज्ञा, बाबांना म्हणावं १७ चा हट्ट सोडा. त्या खुर्च्या भर रस्त्यात, सावली नावालासुद्धा नाही. नागिनाता-बोको, म्हणजे सगळ्यात पुढचा होको, सकाळी ९ ला शिजो-कारासुमाहून निघते, तिच्यामागे बाकीचे सगळे धरून २३ होको आणि यामा (मोठ्या आणि लहान सजवलेल्या रथगाड्या), ते पुढून सरेपर्यंत दुपार होते, आणि जुलैत क्योतो म्हणजे ३५ च्या पुढे पारा, तिन्ही बाजूंनी डोंगर, वाऱ्याची झुळूक नाही. आईंना नको करूस हे.

त्यापेक्षा ११-१२ ला आण त्यांना, बांधणी बघायला. खरी मजा तिथे आहे असं माझं ठाम मत. शिजो आणि मुरोमाची भागात गल्ल्यागल्ल्यांत होको उभे करायचं काम चालू असतं. एक खिळा नाही बघ! लाकडाच्या सांध्यावर भाताच्या पेंढ्याची दोरी वेढ्यावर वेढे घेत जाते, एक जण ओढून धरतो, दुसरा लाकडी मोगरीने ठोकून ठोकून वेढा बसवतो, आणि शेवटी त्या वेढ्यांचंच असं काही फुलपाखरू तयार होतं की बघत राहावं. नंतर त्यावर पडदे चढले की हे सगळं झाकलं जातं, मिरवणुकीत कुणालाच दिसत नाही. दोरीच का, तर चालताना सांगाडा थोडा हलायला पाहिजे, मोठा होको १२ टनांच्या आसपास असतो आणि शेंड्यापर्यंत २५ मीटर, घट्ट ठोकून ठेवला तर मोडेल. आधी सगळा सांगाडा रस्त्यात आडवा पाडतात, त्यात मधला खांब घालतात आणि मग दोरांनी ओढून उभा करतात.

आणि १२ ला दुपारी हिकिझोमे असतं, म्हणजे होको थोडं ओढून बघायची रंगीत तालीम. तेव्हा दोराला कुणीही हात लावू शकतं, बायका, पोरं, टुरिस्ट, कुणीही. बाबांना १७ ला खुर्चीत बसून जे मिळणार नाही ते इथे फुकट मिळेल.

प्रत्येक होको त्या त्या गल्लीचा, आपल्याकडच्या गल्लीतल्या गणपती मंडळासारखा कारभार. फक्त आता त्या गल्ल्यांत बँका आणि ऑफिसं झालीयत, राहणारी घरं उरली थोडी, त्यामुळे कुठे कुठे नव्या अपार्टमेंटमधली माणसं सामील करून घेतात.


शुभांगी (कोबे):

मंदार, तुझं सगळं खरं पण त्सुजी-मावाशी, म्हणजे चौकात होको वळवणं, न बघता कसं चालेल रे? या गाड्यांची चाकं वळतच नाहीत, सरळच जाणार. मग चौकात आले की चाकांखाली ओल्या बांबूच्या पट्ट्या अंथरायच्या, वर पुन्हा पाणी ओतायचं, पुढे उभे असलेले हातपंखेवाले एकदम पंखे फिरवून ओरडतात आणि ओढणारे बाजूने हिसका देतात, की तो बारा टनांचा डोलारा करकरत थोडा सरकतो. मग परत पाणी, परत हिसका. काटकोन पुरा झाला की टाळ्या. हे व्हिडिओत काहीच कळत नाही, आवाजच येत नाही तो.

प्रज्ञा, बाबांना मिरवणूक हवीच असेल तर २४ ला ने ना, आतो-मात्सुरी, म्हणजे उत्सवाची दुसरी मिरवणूक. ११ च गाड्या, गर्दी निम्मीसुद्धा नसते, ९:३० ला कारासुमा-ओइकेहून निघते. १९६६ मध्ये दोन्ही मिरवणुका एकत्र केल्या होत्या, २०१४ ला पुन्हा वेगळ्या केल्या, आणि त्याच वर्षी १८६४ च्या आगीत जळालेली ओफुने-होको परत आली. जहाजाच्या आकाराची आहे, सगळ्यात शेवटी येते. ताका-यामा तर १८२६ च्या वादळी पावसात खराब झाली होती ती २०२२ मध्ये परत मिरवणुकीत आली! इतकी वर्षं त्या गल्लीने नुसत्या मूर्ती सांभाळून ठेवल्या. मला तरी याचंच जास्त अप्रूप वाटतं, ८६९ साली रोगराई हटावी म्हणून ६६ होको उभारले वगैरे इतिहास कुठल्याही बोर्डावर वाचायला मिळतो.

एक तक्रार मात्र आहे. नागिनाता-बोकोवर अजूनही बायकांना चढू देत नाहीत. बाकीच्या बऱ्याच होकोंवर तिकीट काढून किंवा चिमाकी घेऊन वर जाता येतं. आईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर बाबा वर आणि त्या खाली उन्हात. चिमाकी खायची नसते हेही सांग 😀 पानांची जुडी असते, दारावर वर्षभर टांगायची.


मंदार:

काकू, २४ चं पटलं. १६ च्या संध्याकाळी मात्र नकोच, रस्ता वाहनांना बंद असला तरी माणसांनी इतका भरतो की पोलिस एकाच दिशेने चालायला लावतात. २१ ते २३ च्या संध्याकाळी जा. खाण्याचे स्टॉल नसतात, पण कंदील तेच, होकोंवरचं कोन-चिकि-चिन वाजणारं संगीत तेच, जुन्या घरांतून पिढीजात पडदे मांडून ठेवलेले असतात ते आरामात बघता येतात. नाहीतरी स्टॉलवर त्यांना खाता येण्यासारखं काय, याकिसोबा नूडल्समध्ये पोर्क, ओकोनोमियाकी या धिरड्यात दाशी, म्हणजे माशाचा अर्क. बर्फाचा गोळा आणि भाजलेलं मक्याचं कणीस. काडीला लावलेली थंड काकडी दिसेल पण तीही बरेचदा दाशीत मुरवलेली असते, विचारूनच घ्या. गंमत म्हणजे ज्याचा हा उत्सव त्या यासाका देवळाचे जुने भाविक जुलैत काकडी खात नाहीत, देवळाचं चिन्ह कापलेल्या काकडीसारखं दिसतं म्हणून, आणि तिथेच काकडीला रांग.

आणि त्सुकी-होको जवळून बघा, त्याच्या सजावटीत मुघल काळातला भारतीय गालिचा आहे. बाबा खूश होतील.


प्रज्ञा:

मंदारदादा, काकू, खूप थँक्यू. बाबांना मेल वाचून दाखवला, दोर ओढायला मिळणार म्हटल्यावर १७ चं नाव टाकलं त्यांनी, आता रोज विचारतायत ग्लोव्हज आणू का 😅 तर १२ ला हिकिझोमे, २३ ला संध्याकाळ, २४ ला मिरवणूक पण कारासुमाच्या सुरुवातीलाच थोडा वेळ उभं राहून, मग आईला घेऊन कुठल्यातरी एसीत.

१२ ला आणखी कोण येतंय? आम्ही उमेदाहून हानक्यू रेल्वेने येऊ, कारासुमा स्टेशनवर तिकीट गेटच्या बाहेर २:३० ला भेटू. मुलं असतील तर टोप्या आणि पाणी घरूनच आणा. डब्याचं मी बघते, दशम्या आणि चटणी करेन, किती जण ते गुरुवारपर्यंत कळवा.