किसेल्योव्ह: शेतकऱ्यांचा कैवारी की झारचा कारभारी?

नदीकाठ:
पावेल किसेल्योव्ह (१७८८–१८७२) नेपोलियनविरुद्ध बोरोदिनोला लढलेला रशियन जनरल. पण मला तो मोठा वाटतो तो नंतरच्या कामामुळे. १८१६ मध्येच त्याने झार अलेक्झांडरपुढे भूदासपद्धत (शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवणारी) हळूहळू मोडण्याचं टिपण ठेवलं. तेव्हा त्याचं वय अठ्ठावीस! १८२९ ते १८३४ वालाचिया आणि मोल्डेव्हिया (आजच्या रुमानियाचा मुलूख) रशियन फौजेने व्यापलेले, त्याच्या ताब्यात होते. युद्ध, प्लेग, कॉलरा यांनी लोक पिचलेले. त्याने डॅन्यूबकाठी क्वारंटाइन बसवलं, राज्यकारभाराचा लेखी नियमसंच लागू केला. बुखारेस्टमध्ये त्याच्या नावाचा रस्ता आजही आहे. व्यापलेल्या मुलखात किती सेनापतींच्या वाट्याला हे येतं?

कोरडवाहू:
रस्ता शहराने जपला, खेड्याने नाही. त्याच नियमसंचात कुळांवर वर्षाला १२ दिवसांची वेठ आहे. थोडी वाटते ना? पण एका 'दिवसाचं' काम असं नेमलेलं की ते उरकायला प्रत्यक्षात दोन-तीन दिवस मोडायचे. पुढे मार्क्सनेही या हिशेबावर बोट ठेवलं. आणि रोमा (जिप्सी) गुलाम? ते गुलामच राहिले. शेवटच्या गुलामांची सुटका १८५५-५६ ची.

नदीकाठ:
मसुदा बोयार जमीनदारांच्या समित्यांनी केला होता. किसेल्योव्हने त्यांच्याशी भांडून काही मागण्या छाटल्या. झारच्या हुकमाखालचा माणूस याहून काय करणार? रशियात परतल्यावर १८३७ च्या अखेरीस सरकारी जमिनी आणि त्यावरच्या शेतकऱ्यांसाठी नवं खातं निघालं. त्याचा मंत्री म्हणून तो १८५६ पर्यंत राबला. खेड्यांत शाळा, दवाखाने, जमिनीच्या मगदुरानुसार सारा, हे सगळं त्या काळात झालं.

मोटनाडा:
आमचं घर शेतीचं, म्हणून मला त्या बटाट्याच्या बंडांबद्दल बोलायचंय. १८४० मध्ये त्याच्याच खात्याने हुकूम काढला की गावच्या सामाईक जमिनीत बटाटा लावा. हेतू चांगला, धान्य बुडालं तर पोट भरावं. पण गावाला विचारलं कुणी? आपल्याला जमीनदारांच्या हवाली करणार, अशी आवई उठली. व्होल्गा आणि उरलकडची गावं पेटली, तेव्हा फौज धाडली गेली. फटके खाल्ले ते त्याच शेतकऱ्यांनी, ज्यांच्यासाठी हे खातं काढलं होतं! मला हे माफ करता येत नाही.

नदीकाठ:
ती चूकच, मान्य. तरी १८६१ ची भूदासमुक्ती आकाशातून पडली नाही. तिच्या मसुद्यामागे राबलेला निकोलाय मिल्युतिन हा किसेल्योव्हचा सख्खा भाचा, मामाच्या विचारांत वाढलेला.

कोरडवाहू:
भाच्याचं श्रेय भाच्याला द्या. मामाचा भूदासांशी करार करून त्यांना मोकळं करण्याचा १८४२ चा कायदा जमीनदाराच्या मर्जीवर सोडलेला होता, तो फार थोड्यांनी वापरला. मुक्तीचा जाहीरनामा निघाला तेव्हा मामा पॅरिसला राजदूत होता.

मोटनाडा:
पॅरिसला स्वतःहून गेला नव्हता तो. क्रिमियाच्या युद्धानंतर नव्या झारने त्याला तिकडे पाठवलं. पंचेचाळीस वर्षं ज्याचा ध्यास घेतला, ते घडताना तो घरी नव्हता. बटाट्याचा राग तसाच आहे माझा, पण हे वाचून मात्र जीव तुटला.