ताणाच्या काळात माशांची टाकी ठेवावी का?

मध्यरात्र यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या सात महिन्यांपासून माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिची शुश्रूषा, नोकरी आणि घर यांत दिवस केव्हा मावळतो ते कळत नाही. दिवस कसाही निघून जातो, पण रात्र जड जाते. आईला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावे लागते, त्यामुळे मधल्या वेळात माझा डोळा लागत नाही, आणि मोबाइल हातात घेतला की मन अधिकच अस्वस्थ होते.

मागच्या महिन्यात मोठी बहीण आईजवळ येऊन राहिली आणि मी दोन दिवस विसाव्यासाठी तिच्या घरी गेले. सवयीप्रमाणे मध्यरात्री जाग आली, तेव्हा मी तिच्या माशांच्या टाकीसमोर जाऊन बसले. टाकीतला दिवा बंद होता आणि खिडकीतून थोडासा उजेड येत होता. बहुतेक मासे वनस्पतींच्या आडोशाला जवळजवळ स्थिर होते, फक्त त्यांचे कल्ले हलत होते. मी तिथे तासभर बसले असेन. त्या तासात औषधांच्या वेळा एकदाही माझ्या मनात आल्या नाहीत, हे मला उठताना जाणवले आणि रडू आले.

तेव्हापासून घरी एक टाकी ठेवावी असे सारखे वाटते आहे, पण मनात भीतीही आहे. लहानपणी आमच्याकडे काचेच्या गोल भांड्यात एक गोल्डफिश आणला होता. तो आठवडाभरात मेला आणि का मेला ते घरात कोणालाच कळले नाही. आज या घरात मासा मेला तर मला ते सोसवेल की नाही, याची खात्री वाटत नाही. रोज दहा मिनिटे आणि आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास, एवढाच वेळ मी देऊ शकते. एवढ्यात हा छंद नीट सांभाळता येतो का? आणि त्यातून मिळणारा दिलासा टिकतो, की काही दिवसांनी टाकी हीच आणखी एक काळजी होऊन बसते?

जुनी टाकी यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून राहवले नाही. मी 19 वर्षे टाकी सांभाळतो आहे आणि त्यातली काही वर्षे माझ्यासाठीही फार अवघड होती.

आधी आपल्या लहानपणच्या गोल्डफिशविषयी, कारण ते ओझे आपण उगाच वागवत आहात. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया जातो आणि उरलेले खाणे कुजले की त्यात आणखी भर पडते. मुरलेल्या, म्हणजे काही आठवडे चालू राहिलेल्या टाकीत एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशाला थोड्या प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत त्याला सोसते आणि पाणी बदलून कमी करता येते. नव्या भांड्यात हे जिवाणू नसतात. त्यातून भांडे लहान आणि गोल्डफिश भरपूर घाण करणारा, हातभर वाढू शकणारा मासा, त्यामुळे काही दिवसांतच ते पाणी त्याच्यासाठी विषारी झाले असणार. पाणी दिसायला स्वच्छ होते, म्हणून घरातल्या कोणाला संशय आला नाही. त्यात कोणाच्या मायेची कसर नव्हती.

म्हणूनच माझा आग्रह असा की टाकी आणल्यावर चार ते सहा आठवडे तिच्यात मासा सोडू नये. पाणी भरावे, क्लोरीन घालवणारे औषध घालावे, फिल्टर आणि हीटर सुरू करावा आणि माशांच्या खाण्याची चिमूट दर एक-दोन दिवसांनी पाण्यात टाकावी, म्हणजे ती कुजून जिवाणूंना अन्न मिळते. टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासत राहावे. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. थकलेल्या माणसाला हे आठवडे फार मानवतात, असे मी स्वानुभवाने सांगतो. एक परीक्षानळी, त्यातले काही थेंब, रंग बदलण्याची पाच मिनिटांची वाट आणि वहीत एक आकडा, एवढेच काम असते. बाकी काही आपल्या हातात नसते आणि घाई करून काही साधत नाही. जिथे धीर धरणे हेच काम असते, असे दुसरे ठिकाण त्या दिवसांत मला तरी मिळाले नव्हते.

टाकी फार लहान घेऊ नये. पाणी जितके अधिक, तितके त्यातले बदल सावकाश होतात आणि एखादी चूक सावरायला वेळ मिळतो, त्यामुळे पहिल्या टाकीसाठी 60 लिटरच्या आसपासचे माप योग्य आहे. मात्र तेवढ्या पाण्याचेच वजन 60 किलो होते आणि काच, वाळू व दगड वेगळे, म्हणून खालचे टेबल भक्कम आणि सपाट हवे. एकदा पाणी मुरले की दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी सायफनने काढून तितकेच, त्याच तापमानाचे आणि क्लोरीन घालवलेले पाणी भरणे हे मुख्य काम राहते. आपण सांगितलेल्या वेळात ते आरामात बसते.

माझी एक चूक सांगतो. नोकरी जाण्याची टांगती तलवार डोक्यावर होती, त्या महिन्यात एका रात्री मनातली तगमग कशी शमवावी ते कळेना, म्हणून मी टाकी पूर्ण रिकामी करून घासली आणि फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत धुतला. नळाच्या क्लोरीनने स्पंजातले जिवाणू मेले आणि पुढच्या पाच दिवसांत माझ्या टेट्रा जातीच्या अकरा लहान माशांपैकी आठ गेले. मन अस्वस्थ असले की हाताला काहीतरी करावेसे वाटते, आणि टाकीला नेमके तेच सोसत नाही. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. ज्या रात्री फार बेचैन वाटेल, त्या रात्री हात पाण्यात न घालता नुसते समोर बसावे, हा नियम मी त्यानंतर कधी मोडलेला नाही.

नाडीचे ठोके यांचे उत्तर

आपल्याला त्या रात्री जे जाणवले, त्याचा अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ येथील राष्ट्रीय सागरी मत्स्यालयात साडेपाच लाख लिटरची एक टाकी नव्याने भरली जात असताना संशोधकांनी ती पाहणाऱ्यांची निरीक्षणे नोंदवली आणि 2015 साली ती प्रसिद्ध केली. टाकीत जवळजवळ काहीच जीव नसताना, थोडे मासे सोडल्यावर आणि पुरते सोडल्यावर, अशा तीन टप्प्यांत लोकांना तिच्यासमोर बसवले होते. पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब रिकाम्या टाकीसमोरही उतरले. जीव वाढले तसे लोक अधिक वेळ पाहत राहिले आणि त्यांचे मनही अधिक प्रसन्न झाले. त्याच्या कितीतरी आधी, 1984 साली, अमेरिकेतल्या संशोधकांनी दात काढून घेण्यासाठी आलेल्या रुग्णांना आधी माशांच्या टाकीकडे पाहत बसवले होते आणि त्यांची धास्ती कमी झाल्याचे नोंदवले होते.

हे प्रयोग काही मिनिटांचे होते आणि आपली रात्र सात महिन्यांची आहे, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगू इच्छितो. टाकी आपल्याला तासाभराचा विसावा देईल, पण झोपेची भरपाई ती करणार नाही. झोप सलग कित्येक आठवडे उडालेली असेल तर कृपया डॉक्टरांशी बोला, आणि बहिणीला आठवड्यातून एखादी रात्र मागून घ्या.

आणखी एक सावधगिरी सांगतो, कारण त्यातून मी गेलो आहे. वडील गेल्यानंतरच्या वर्षात मी एकामागून एक तीन टाक्या मांडल्या. नवी टाकी मांडताना जो उत्साह वाटायचा, तो ओसरला की मी पुढची आणायचो, आणि वर्षअखेरीस तिन्हींचे पाणी गढूळ होते आणि मी त्यांच्यासमोर बसतही नव्हतो. दोन टाक्या आणि त्यांतले मासे मी जाणकार मित्राला देऊन टाकले. उरलेल्या एका टाकीसमोर मी आजही रोज संध्याकाळी बसतो. म्हणून पहिले वर्षभर एकच टाकी ठेवा.

पाणवनस्पती यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण माझे मत थोडे पुढे जाते. मासा मेला तर सोसवणार नाही असे आपण लिहिले आहे, तर काही महिने माशाशिवायच टाकी ठेवून पाहा. पतीच्या दीर्घ आजारपणात मी तसे केले होते.

अनुबियास आणि जावा फर्न या दोन वनस्पती मंद उजेडात वाढतात. त्या वाळूत पुरायच्या नसतात, कारण त्यांचे आडवे खोड गाडले गेले की कुजते. दोऱ्याने त्या दगडाला किंवा लाकडाला बांधल्या की काही आठवड्यांत त्यांची मुळे तिथे घट्ट धरतात. क्रिप्टोकोरिन मात्र वाळूत लावावी. लावल्यावर पहिल्या काही दिवसांत अनेकदा तिची बहुतेक पाने गळून, विरघळल्यासारखी होऊन जातात. मी ती मेली असे समजून उपटणार होते, पण त्या दिवशी वेळ मिळाला नाही म्हणून ती तशीच राहिली. तीन आठवड्यांनी मुळाशी नखाएवढे तांबूस पान दिसले, तेव्हा मी रुग्णालयातून नुकतीच परतले होते आणि पायांतल्या चपलाही न काढता टाकीसमोर उभी होते.

पाने कुजू लागली की त्यात गोगलगायी सोडाव्यात. हे फार जुने शहाणपण आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1850 साली दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती एकत्र ठेवण्याचा आपला प्रयोग मांडला होता. त्यात कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने ती पाने खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. गोगलगाय काचेवरून चालताना तिचे इवलेसे तोंड शेवाळ खरवडत असते. ते पाहण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या आहेत, आणि त्या वेळी टाकीत एकही मासा नव्हता.

मध्यरात्र

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल कशा शब्दांत आभार मानावेत ते सुचत नाही. गोल्डफिशविषयीचे स्पष्टीकरण मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "म्हणजे मी त्याला उपाशी ठेवलं नव्हतं." तीस वर्षे तिला तसे वाटत होते, हे मला ठाऊक नव्हते.

आता दोन शंका आहेत. आईला रुग्णालयात ठेवावे लागले तर मला सलग चार-पाच दिवस घरी येता येत नाही, तेव्हा माशांचे काय करावे? आणि टाकी आईच्या खोलीत ठेवली तर चालेल का?

जुनी टाकी यांचे उत्तर

निरोगी, पूर्ण वाढलेले मासे चार-पाच दिवस खाण्याविना सहज राहतात. अशा वेळी खरा धोका असतो तो मदतीला आलेल्या माणसाने मायेपोटी मूठभर खाणे टाकण्याचा, म्हणून कोणाला काही सांगू नये, किंवा सांगायचेच असेल तर एकेका वेळचे खाणे कागदाच्या पुड्यांत बांधून बाकीचा डबा कपाटात ठेवावा. दिव्याला टायमर लावून तो रोज सहा-सात तासच चालू ठेवावा, म्हणजे शेवाळही माजत नाही.

मासे निवडताना त्यांचे आयुष्य लक्षात घ्यावे. गप्पी साधारण दोन वर्षे जगतो आणि फायटर दोन ते चार वर्षे, त्यामुळे पाणी उत्तम असूनही एखाद्या सकाळी मासा तळाशी पडलेला दिसेल. तेव्हा तो लगेच बाहेर काढावा, कारण तो कुजला की अमोनिया वाढतो. मग पाणी तपासावे, आणि आकडे ठीक असतील तर स्वतःला दोष देऊ नये. मला प्रत्येक वेळी वाईट वाटते, आणि ते वाटणे कमी व्हावे असे मला वाटतही नाही.

आईंच्या खोलीत टाकी अवश्य ठेवा. उशीवर डोके असताना त्यांची नजर जिथे जाते, त्या उंचीला टाकीचा मध्य येऊ द्या आणि थेट ऊन पडणारी जागा टाळा. हवेच्या पंपाची घरघर रात्री ऐकू येते, तेव्हा त्याच्याखाली जाड कापडाची घडी ठेवा. कडेला टांगायच्या फिल्टरमधून पाणी पडण्याचा आवाज पातळी खाली गेली की वाढतो, म्हणून पातळी भरलेली ठेवा. आईंना आवाज अजिबात सोसत नसेल तर पाण्यात बुडवून ठेवायचा लहान फिल्टर घ्या.

मध्यरात्र

आईच्या पलंगाच्या उजवीकडची भिंत मोकळी आहे आणि तिथे ऊन येत नाही. आज तिला उजव्या कुशीवर वळवल्यावर मी उशीपासून तिच्या नजरेची उंची मोजली. जमिनीपासून 70 सेंटिमीटर भरली. पहिले दोन महिने फक्त वनस्पती आणि गोगलगायी ठेवायच्या, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे, आणि टेस्ट किटचे आकडे वहीत लिहायचे काम आईने स्वतःकडे मागून घेतले आहे.