स्माइटची भीती खरी, जुन्या मोहिमांची नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या 2024 च्या नव्या नियमांनी पॅलॅडिन हा पवित्र योद्ध्याचा क्लास (पात्रप्रकार) पांगळा केला आणि जुन्या मोहिमा (अनेक बैठका चालणाऱ्या कथा) आता फेकाव्या लागतील, अशी एक तक्रार आहे. तिचा पहिला भाग मला बराचसा पटतो. 2014 च्या नियमांत डिव्हाइन स्माइट (लागलेल्या वारावर जादा इजा) ही क्लासची क्षमता होती. एका टर्नमध्ये (पाळीत) दोन वार लागले तर दोन्हींवर स्पेल स्लॉट (मंत्रांसाठीचा मोजका साठा) खर्चता यायचा. 2024 पासून तो स्पेल (मंत्र) झालाय आणि बोनस ॲक्शन (पाळीतली एकच जादा कृती) खातो, म्हणजे टर्नमध्ये एकदाच. शिवाय मंत्र उच्चारावा लागतो, त्यामुळे सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलमध्ये चालत नाही. आणि रेजमध्ये (बार्बेरियन या रानटी योद्ध्याच्या संतापात) स्पेल टाकता येत नसल्याने बार्बेरियन-पॅलॅडिन जोडी तर मोडलीच. ज्यांनी असं पात्र जिवापाड वाढवलं, त्यांचं खरंच वाईट वाटतं.

स्माइट आता स्पेल असल्याने तो काउंटरस्पेलने (समोरच्याचा स्पेल अडवणाऱ्या स्पेलने) अडवता येतो, पण त्याची धास्ती कमी करा. आता कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (शरीराच्या काटकपणावर फासा टाकून वाचायची संधी) मिळतो, आणि स्पेल अडला तरी स्लॉट वाया जात नाही.

जुन्या मोहिमा फेकाव्या लागतील असं मला वाटत नाही. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत सगळे क्लास नव्या साच्यात बसवले होते. 2024 च्या नियमांत मात्र 2014 च्या साहसातला राक्षस तसाच उचलून वापरता येतो. मोहीम अर्ध्यात असेल, तर डीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) बोलून ती संपेपर्यंत जुनाच स्माइट ठेवा.